प्रवरासंगमावरील खरपा

आम्हां घाटावरच्या लोकांस समुद्र म्हणजे सुट्टींतली करमणूक. नगर जिल्ह्यास (आतां त्याचें नांव अहिल्यानगर) समुद्रकिनारा नाहीं. आणि आमच्या घरांत मासा ताटांत येत नसल्यामुळें तो डोळ्यांपुढेंही येत नाहीं. गेल्या माघांत नेवाशास पैसाच्या खांबाचें दर्शन घेऊन आम्ही प्रवरासंगमावर गेलों, तेव्हां तेथें समुद्राचा एक सोयरा भेटेल, असें आम्हांस वाटलें नव्हतें.

संगमावर सिद्धेश्वराचें देऊळ आहे. मुलें पाण्याजवळच्या पायरीवर बसून खालच्या वाळूकडे पाहत होतीं. "काडी पडली आहे," असें म्हणून धाकटीनें खडा टाकला, तोंच ती काडी सळकन् सरकली आणि वीतभर अंतरावर पुन्हा निश्चल झाली! जवळच जाळें सांधीत बसलेल्या वृद्ध भोयास आम्हीं विचारलें, "बाबा, हा कोणता मासा?"

तो हंसला. "खरपा हाय, ताई. ह्याला पवायचा कंटाळा. भुईवर बसून ऱ्हातो."

भोयाचें हें वर्णन शास्त्रास धरूनच आहे. गंगेच्या माशांवरील १८२२ च्या आपल्या ग्रंथांत हॅमिल्टन यांनीं या माशाचें वर्णन केलें. त्याचें आजचें शास्त्रीय नांव ग्लॉसोगोबियस ग्युरिस. डोकें चपटें, खालचा जबडा पुढें आलेला, आणि पिंवळसर तपकिरी अंगावर काळसर डाग. त्यामुळें तो वाळूंत मिसळून जातो. पोटाखालचे दोन पर जुळून त्यांची वाटी झालेली असते. ही याच्या कुळाची खूण होय. तळाशीं दबा धरून तो कोळंबी, किडे व लहान मासे गिळतो. या कुळांत पितृधर्म मात्र मोठा : मादी दगडाच्या आडोशास अंडीं चिकटविते आणि नर त्यांची राखण करतो.

या कुळांतील बहुतेक मासे समुद्राचे वा खाडीचे. खरपाही आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून पॅसिफिकच्या बेटांपर्यंत आढळतो. कोंकणच्या खाड्यांतही तो आहे. गोदावरी मात्र पश्चिम समुद्र जवळ असतांना त्याकडे पाठ फिरवून त्र्यंबकाहून निघते, ती १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागरास मिळते. तिच्या वाटेवर पैठणास जायकवाडीचें धरण १९७६ सालीं पुरें झालें. त्याचा फुगवटा या संगमापर्यंत येतो. ईल माशास विणीसाठीं समुद्रांतच जावें लागतें. त्याची वाट अशा बांधांनीं अडते. खरप्याचें तसें नाहीं. त्याची वीण गोड्या पाण्यांतही होते. समुद्र दुरावला तरी त्याचा संसार चालतो.

"म्हणजे याला कशाचीच भीति नाहीं," आम्ही म्हणालों.

भोयानें मान हालविली. "पानी हाय, ताई. पन वाळू कुठं ऱ्हायली? गाड्या भरून गेली. ह्यानं बसायचं कशावर?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आमच्या घराची भिंत कोणत्या नदीच्या वाळूची, हें आम्हीं कधीं विचारलें नव्हतें. ज्यास समुद्रावांचून जगतां येतें, त्यासही पायाखालची वाळू व अंड्यांपुरता दगड लागतोच. गंगेवर स्नानास जाणाऱ्या वाचकांनीं पाण्यास हात जोडतांना क्षणभर तळाकडेही पाहावें, इतकीच विनंति.