आंब

पौषात आमच्या हरभऱ्याच्या रानात धोतर अंथरलेलं दिसायचं. आजोबांचं जुनं, विरलेलं, पण स्वच्छ धुतलेलं. दिवस मावळताना आजी ते पिकावर पसरायची. रात्रभर दव पडायचं. पहाटे सेलूच्या स्टेशनातून सुटलेल्या गाडीची शिट्टी धुक्यातून ऐकू यायची, तेव्हा आम्ही रानात असायचो. धोतराचं एक टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या. पीळ द्यायचा. खाली चिनी मातीच्या बरणीत आंबट पाणी ठिबकायचं. पितळी भांडं चालायचं नाही. आंब पितळेत कळकते.

"चपला बांधावर काढ," ती म्हणायची, "आंबेनं कातडं जातं." मग पायांच्या भेगांत ती आंब अशी चुणचुणायची की थंडीचा विसर पडायचा.

पोट दुखलं, अजीर्ण झालं, की चमचाभर आंब पाण्यातून. मी मात्र काही दुखत नसतानाही बोट बुडवून चाटायचो. इतकी चवदार वस्तू माणसासाठीच असणार, असं तेव्हा वाटायचं. ती होती अळीसाठी.

हरभऱ्याचं पान उन्हाकडं धरून पाहा. पानावर, देठावर, घाट्याच्या टरफलावर बारीक लव दिसेल. त्यातल्या काही केसांच्या टोकाला टाचणीसारखं डोकं असतं. तिथून आम्ल पाझरतं. त्यात मुख्य दोन: सफरचंदाला आंबटपणा देणारं मॅलिक आणि चुक्यात, अळूत असतं ते ऑक्झॅलिक. दव पडलं की दोन्ही त्यात उतरतात, आणि आजीच्या धोतरात येतात.

ज्या अळीसाठी हा खटाटोप, ती घाटेअळी. पीक बदललं की तिचं नाव बदलतं. तुरीत ती शेंगा पोखरणारी, कापसात हिरवी बोंडअळी. शास्त्रात हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. घाट्याला भोक पाडून तोंड आत, निम्मं अंग बाहेर, अशी ती खुशाल जेवायला बसते. एक अळी ३०-४० घाटे बाद करते. झाडाला ना पळता येतं, ना अंग झटकता येतं.

हैदराबादजवळ पटानचेरूला इक्रिसॅट ही संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी अळ्यांच्या कृत्रिम खाद्यात ही आम्लं मिसळून पाहिली आणि निष्कर्ष १९९५ साली छापले. ऑक्झॅलिकनं अळीची वाढ खुंटली. मॅलिकनं तिचं काही बिघडलं नाही. म्हणजे आंबेत अळीला नडणारं नेमकं कोणतं, ते आमच्या जिभेला कधीच कळलं नसतं. अळी मरत नाही, नुसती खुरटते. पण खुरटी अळी जास्त दिवस कोवळी राहते, आणि तेवढे दिवस साळुंकीला, कोतवालाला जास्त मिळतात. रानात पक्षिथांबे रोवतात ते याच भरवशावर.

हे झाडानं ठरवून केलं असं म्हणायचा मोह होतो. ठरवलं कुणीच नाही. आग्नेय तुर्कस्तानात हरभऱ्याचा रानटी भाऊबंद आजही उगवतो. तिकडच्या माळावर कधीकाळी एखादं झाड शेजाऱ्यापेक्षा जरा जास्त पाझरलं असेल, त्याचे चार घाटे जास्त वाचले असतील, तेच पुढल्या सालाला उगवले असतील. असं लाखो वर्षं. वनस्पतींमधले असले कडू-आंबट पदार्थ म्हणजे त्यांच्या शरीरातला केरकचरा, असं बरेच जण मानत. ते कीटकांसाठी आहेत, असं गॉटफ्रीड फ्रेंकेल यांनी १९५९ साली ठासून मांडलं.

पण आंबेचा एक दोष मला फार माणसासारखा वाटतो: तिला आपला-परका कळत नाही. ट्रायकोकार्ड शेतकऱ्यांना माहीत आहे. त्यातून निघणारी ट्रायकोग्रामाची चिमुकली गांधीलमाशी घाटेअळीची अंडी हेरून त्यात आपली अंडी घालते. इतर पिकांत ती कामाची. हरभऱ्यात तिचा निभाव लागत नाही. त्याच आंबट, चिकट लवेत ती अडकते. मदतीला आलेल्यालाच दारात आडवं करणारी घरं आपल्याकडंही कमी नाहीत.

आणि शत्रूही शिकतोच. बांधावरची रुई पाहा, शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात ती. तिच्या चिकात हृदयाला घातक विष असतं, शेळीसुद्धा सहसा तोंड लावत नाही. बिबळ्या कडवा या फुलपाखराची अळी मात्र तेच पान खाते आणि ते विष स्वतःच्या अंगात साठवते. पक्ष्यानं एकदा चोच मारली की पुन्हा मारत नाही. नाव उगाच 'कडवा' पडलेलं नाही.

कापसाचंही हेच. सरकीतले काळे ठिपके म्हणजे गॉसिपॉल भरलेल्या ग्रंथी. म्हशीच्या पोटात ते बऱ्यापैकी जिरतं, म्हणून तिला सरकीची पेंड चालते. हिरवी बोंडअळीही ते पचवायला शिकली. मग आपण एका जिवाणूचं जनुक कापसात घातलं. २००२ साली बीटी वाणांना परवानगी मिळाली आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं मराठवाड्याची बोंडं पोखरून काढली. पंधरा वर्षं.

हरभऱ्याची आंब त्यामानानं जुनी आणि तोकडी. पाण्यात विरघळणारी असल्यानं अवकाळी पावसाची एक सर आली की धुऊन जाते. फुलोऱ्यात ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा असा कृषी विद्यापीठाचा सल्ला असतो; म्हणजे हरभऱ्याचं कमी पडलं तर कडुलिंबाचं उसनं. मला हा सल्ला मनापासून पटतो. पण अर्क कुटायला, भिजवायला, गाळायला सवड कुणाला? दुकानातली बाटली सोपी. आम्हीही तीच आणतो.

आजीची बरणी अजून माळ्यावर आहे. पोट बिघडलं की घरात कुणीतरी आंबेची आठवण काढतं. पण आता धोतर अंथरण्याआधी विचारावं लागतं, शेवटची फवारणी कधी झाली?