इंजिन बाहेर का निघालं?

जुनं इंजिन घ्यायला गेलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, ‘किती चाललंय?’ मीही तोच विचारला. विकणाऱ्याकडे उत्तर तयारच असतं, कारण ते पडताळायची सोय कुणाकडेच नसते. किलोमीटरचा काटा डॅशबोर्डवर असतो आणि डॅशबोर्ड केव्हाच भंगारात वितळलेला असतो.

माझी गाडी टाटा १६१३. कोल्हापूरहून गूळ भरून जायची, येताना मिळेल ते भाडं. तिच्यात कमिन्सचं सहा सिलिंडरचं इंजिन होतं, ज्याला लाईनवर सगळे ‘सिक्स बीटी’ म्हणतात. टाटा आणि कमिन्स यांनी १९९३ साली जमशेदपूरला एकत्र कंपनी काढली, तिथलं हे इंजिन. माझ्या इंजिनाचा क्रँक तुटला आणि जाताना ब्लॉकही घेऊन गेला. मिस्त्री म्हणाले, “आठ दिवस थांबा, मी बरोबर येतो.” बँकेचा हप्ता आठ दिवस थांबत नाही, असा हिशेब करून मी एकटाच मुंबईला कुर्ल्याच्या बाजारात गेलो.

तिथे दोन इंजिनं दाखवली. एक धूळ आणि ऑइल थापून काळंकुट्ट झालेलं. केबिन चेपलेल्या अपघाती गाडीतून काढलेलं, त्या गाडीच्या आरसीची झेरॉक्स दुकानात होती, चेसी मागच्या वाड्यात पडली होती. किंमत जास्त. दुसरं ताज्या रंगात चकचकीत, स्टँडवर बसवलेलं, किंमत कमी. मला त्या काळ्या इंजिनाला हात लावावासाही वाटला नाही. आज त्याचाच विचार जास्त करतो. वर्षांची ऑइलमिश्रित माती सगळीकडे सारखी बसलेली असणं म्हणजे ते कुणी खोललेलं नाही. बोल्टच्या डोक्यांवर पान्याचा ओरखडा नव्हता. गाडी इंजिनामुळे मेलेली नव्हती, धडकेने मेली होती, म्हणजे धडकेच्या क्षणापर्यंत इंजिन मालासकट चालत होतं. एवढा पुरावा समोर असताना मी रंग बघत होतो. आणि ताज्या रंगाखाली काय नसतं! हेड गॅस्केटची गळती, वेल्डिंग, खरवडलेला नंबर, सगळं एका डब्यात झाकतं.

चकचकीत इंजिनाला दुकानदाराने बॅटरी लावली, नळी डिझेलच्या डब्यात सोडली. सेल्फ मारताच पहिल्या झटक्यात सुरू. धूर नाही, ऑइलचा दाब भरपूर. मी हरखलो. ब्लॉकवर हात ठेवला तेव्हा तो कोमट लागला, हेही मला आठवतं, पण त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही. मी पोचण्याआधी इंजिन चालवून तापवून ठेवलेलं होतं. डिझेलला स्पार्क प्लग नसतो. हवा दाबून दाबून इतकी तापवायची की फवारा पडताच पेटला पाहिजे. रिंगा आणि बोअर झिजले की दाब निसटतो, आणि ते थंड इंजिनावर लगेच कळतं. सेल्फ फिरतच राहतो, मग पांढरा धूर सोडत इंजिन लंगडत सुरू होतं. गरम इंजिन हे सगळं लपवतं. दाबाच्या काट्याचं कोडंही नंतर सुटलं. चेंबरमध्ये नेहमीच्यापेक्षा जाड ऑइल भरलेलं होतं. झिजलेल्या बेअरिंगांतूनही जाड ऑइल सावकाश सुटतं, म्हणून काटा वर राहतो.

एक साधी गोष्ट केली असती तरी वाचलो असतो. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढायचं आणि उलटं करून त्याच भोकावर नुसतं ठेवायचं. चांगल्या इंजिनावर ते जरासं थरथरतं. पिस्टनच्या बाजूने हवा खाली येत असेल तर उडून पडतं. पण चारचौघांत असलं काही करायला मला संकोच वाटला. दुकानदाराने चहा मागवला होता.

ते चकचकीत इंजिन घेऊन गाडीत बसवलं. परतीच्या भरतीत खंबाटकी घाट चढताना निकाल लागला. केबिनमध्ये जळक्या ऑइलचा वास, आरशात निळा धूर. गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडलं तर डिपस्टिक आतल्या दाबाने वर सरकलेली आणि ब्रीदरच्या नळीतून फसफस चालू.

मिस्त्रींनी हेड उतरवलं, पिस्टनच्या माथ्यावरचा शिक्का फडक्याने पुसला आणि मला वाचायला लावला: १.००. या इंजिनाला मुळात लायनर नसतात, ब्लॉकमध्येच बोअर असतो, १०२ मिलीमीटरचा. झिजला की अर्धा मिलीमीटर वाढवून मोठा पिस्टन, पुन्हा झिजला की एक मिलीमीटर. त्यापुढचं माप नाही. म्हणजे मी शेवटच्या मापावरचं, तेही संपलेलं इंजिन आणलं होतं. आता ब्लॉक कापून सहाच्या सहा स्लीव्ह ठोकायच्या. त्या कामासकट ते मला काळ्या इंजिनापेक्षा महाग पडलं.

मिस्त्रींनी राग केला नाही, एवढंच विचारलं, “मालक, हे बाहेर का निघालं होतं?” मला सांगता येईना. चालतं इंजिन कुणी उगाच उतरवत नाही. गाडी ठोकलेली असते, नाहीतर इंजिन तरी.

कागदाचा घोळ वेगळाच. इंजिन बदललं की मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे आरटीओला कळवून आरसीवर नवा नंबर चढवावा लागतो. माझ्याकडे होती वहीच्या पानावरची पावती. नंबर कुठल्या गाडीचा, ती गाडी कुणाची, चोरीची की भंगारातली, काहीच नाही. अपघात झाला असता तर विमा कंपनीला एवढं निमित्त पुरलं असतं. आरसी नीट व्हायला जे हेलपाटे पडले त्यात घाट चढणं सोपं वाटावं.

पुढे मेहुण्याच्या गाडीला इंजिन हवं होतं तेव्हा मिस्त्रींना घेऊनच गेलो. आधी फोनवर अट घातली: आम्ही दुकान उघडताना येऊ, रात्रीपासून कुणी सेल्फ मारायचा नाही, आणि ज्या गाडीतून काढलं तिचे कागद समोर ठेवायचे. पलीकडचा म्हणाला, “मग दुसरीकडे बघा, मालक.”

बघितलं दुसरीकडे.