शितावरून भाताची परीक्षा, पण आधी ढवळा



आज पिकाचं नाही, यादीचं लिहितोय. आमच्याकडं पीएम किसानच्या लाभार्थ्यांची प्रत्यक्ष पडताळणी सुरू आहे. पारावर एकच चर्चा: "माझंच नाव कसं काय निघालं? कुणी तक्रार केली का?" म्हणून जरा सविस्तर लिहितो.

योजना फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाली. वर्षाला ६,००० रुपये, २,००० चे तीन हप्ते. राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे ६,००० त्याच यादीवर मिळतात, म्हणजे एका नावामागं वर्षाला १२,००० रुपये. जमीन नावावर असली तरी काही जण बसत नाहीत: आयकर भरणारे, सरकारी नोकरीतले आणि निवृत्त (चतुर्थ श्रेणी सोडून), महिना १०,००० किंवा त्याहून जास्त पेन्शनवाले, व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, सीए. सगळ्यांच्या दारात जाऊन हे तपासायचं म्हटलं तर तलाठी, कृषी सहायकांना दुसरं काम उरणार नाही. म्हणून ५ टक्के लाभार्थ्यांची समक्ष पडताळणी करायची, अशी तरतूद आहे. तेव्हा नाव निघालं म्हणजे संशय आला असं नाही. चिठ्ठी निघाली, एवढंच.

आता ही चिठ्ठी खरंच चिठ्ठीसारखी निघते का, मुद्दा तिथं आहे.

शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो. पण घरातली बाई आधी भात ढवळते, मग शीत दाबून बघते. वरवरचं शीत कच्चं असतं, तळाचं करपलेलं असू शकतं. यादी काही आपोआप ढवळली जात नाही. रस्त्यालगतची घरं, फोन उचलणारी माणसं, ओळखीचे खातेदार एवढेच तपासले तर ते वरचं शीत झालं. उलट तक्रारी आलेली नावंच घेतली तर तळाचं करपलेलं. तक्रारीची चौकशी जरूर करा, पण वेगळी करा. तिच्यावरून "गावात इतके टक्के बोगस" असं म्हणता येत नाही.

आपल्याला हे नवं नाही. पीक कापणी प्रयोगात काय करतात? यादृच्छिक अंक काढून गाव ठरतं, गट नंबर ठरतो, आणि शेतात प्लॉटचा कोपरा कुठं धरायचा तेही अंकावरूनच ठरतं. सोयाबीनला १० बाय ५ मीटरचा प्लॉट. बांधावरचं दाट पीक बघून तिथं खुंटी ठोकली तर मंडळाची उंबरठा तुलना बिघडते आणि आख्ख्या मंडळाचा विमा जातो. ही पद्धत देशात बसवणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे होते. १९४० च्या दशकात त्यांनी आणि पानसे यांनी पिकाच्या उत्पादनाचा अंदाज नजरेनं नाही, तर यादृच्छिक नमुन्यावरून काढायचं शास्त्र उभं केलं. उभ्या पिकाला जो न्याय, तोच यादीला लावायचा.

गावपातळीवर हे सोपं आहे. समजा यादीत ४०० नावं, तपासायची २०. म्हणजे दर २० नावांमागं एक. १ ते २० अंकांच्या चिठ्ठ्या करा, ग्रामसभेत लहान पोराला एक उचलायला सांगा. ७ निघाला तर ७, २७, ४७, ६७... असं शेवटपर्यंत. वाड्या-वस्त्या वेगळ्या असतील तर यादी आधी वस्तीवार लावून घ्या, म्हणजे कुठलीच वस्ती सुटत नाही. संगणकावरून नावं येत असतील तर उत्तमच, पण आलेली नावं बदलायची नाहीत.

आता आकड्याबद्दल. २० जणांत २ अपात्र निघाले की लगेच बातमी होते, "गावात १० टक्के अपात्र". पण एवढ्या लहान नमुन्यात खरा आकडा १ टक्का असू शकतो, नाहीतर ३० टक्केही. तेच तालुक्यात ४०० तपासून ४० निघाले, तर खरं प्रमाण साधारण ७ ते १३ टक्क्यांच्या मध्ये आहे, असं बऱ्याच खात्रीनं म्हणता येतं. एकरात एकाच ठिकाणची माती घेऊन खताचा हिशेब करत नाही, तसंच हे. एका गावाच्या नमुन्यावरून त्या गावाला बदनाम करू नये, आणि त्यात एकही अपात्र निघाला नाही म्हणून पाठही थोपटून घेऊ नये.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. नाव निघालं आणि घराला कुलूप. दिवाळीनंतर आमच्या भागातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. तिथं दोन चुका होतात. एक, कुलूप दिसलं की शेजारचं नाव घ्यायचं. यात नमुना बिघडतो, कारण घरी सापडणारा आणि न सापडणारा यांची परिस्थिती सारखी नसते. दुसरी त्याहून वाईट: "आढळून आला नाही" असा शेरा पडतो आणि पुढच्या टेबलावर त्याचा अर्थ "अपात्र" होतो. दीड एकर जिरायत असलेला माणूस कारखान्यावर कोयता चालवतोय, आणि इकडं त्याचा हप्ता थांबतो. न सापडणं हा निकाल नाही. ते काम अर्धवट राहिलंय. फोन करा, माणूस परतल्यावर पुन्हा जा, तोवर शेरा "प्रलंबित" ठेवा.

आणि एक यादी तर कुणी तपासतच नाही. पडताळणी होते ती पैसे मिळणाऱ्यांची. ई-केवायसी राहिली, आधार बँक खात्याला जोडलेलं नाही, जमिनीची नोंद पोर्टलवर चढली नाही, वारसाचा फेरफार अडकला, अशा कारणांनी ज्यांचे पैसे थांबले त्यांच्यातले कितीजण खरोखर अपात्र? पैसे मिळणाऱ्यांचा नमुना कितीही नीट काढा, त्यात हे दिसणार नाही, कारण ही माणसं त्या पातेल्यातच नाहीत.

अमेरिकेत गरिबांना किराण्यासाठी मदत देणारी स्नॅप नावाची योजना आहे. तिथं राज्यांना दोन वेगळे नमुने काढावे लागतात: एक मदत चालू असलेल्यांचा, दुसरा नाकारलेल्या आणि बंद केलेल्या प्रकरणांचा. जास्त दिलं तर चूक, कमी दिलं तरीही चूकच. आपल्याकडं एवढं तरी घेण्यासारखं आहे.

म्हणून ग्रामसभेत तीन गोष्टी मागा. नावं कशी निवडली ते सगळ्यांसमोर सांगा. कुलूप असलेल्या घराचं नाव बदलू नका आणि त्याला अपात्रही ठरवू नका. थांबलेल्या नावांतूनही तशाच २० चिठ्ठ्या काढा आणि त्या घरी जा. २० घरं म्हणजे दोन दिवसांचं काम आहे. त्यात एखाद्या विधवा बाईचा अडकलेला फेरफार जरी सापडला, तरी तिचे वर्षाचे १२,००० मार्गी लागतात. खरिपाच्या तोंडावर बियाणं-खताला तेवढाच आधार.

तुमच्याकडं नावं कशी काढली ते जरूर कळवा. आमच्या ग्रामसभेला दाखला द्यायला उपयोगी पडेल.