पांजरपोळीचा जमाखर्च

मुंबईत चर्नी रोड स्थानकावर उतरून गिरगाव ओलांडले की सी. पी. टँकचा चौक लागतो आणि तेथून भुलेश्वरच्या गल्ल्या सुरू होतात. फुलांचे हार, पितळी भांडी, पूजेचे साहित्य, बांगड्या, लग्नाची वस्त्रे, खोटे दागिने. एका दुकानाची पायरी संपते तेथे दुसऱ्याची सुरू होते. डोक्यावर गाठोडे घेतलेला हमाल ‘बाजू, बाजू’ म्हणत पुढे सरकतो आणि गर्दी त्याला जेमतेम वाट देते. याच गर्दीत पांजरपोळीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या आहेत. नवख्या गिऱ्हाईकाला ते एखाद्या कापडबाजाराचेच नाव वाटते. परंतु दुकानांच्या रांगेआड फाटकातून आत गेले की अत्तराचा आणि नव्या कापडाचा वास मागे पडतो, ओल्या गवताचा आणि शेणाचा वास येऊ लागतो. बाहेर हातभर जागेसाठी व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या झगडतात. आत मात्र गाई आणि वासरे निवांत रवंथ करीत उभी असतात.

या शांततेचा उगम एका दंगलीत आहे. इंग्रज सरकारच्या नियमाने मुंबईत ठरावीक दिवसांत मोकाट कुत्री मारली जात. 1832 साली ही मुदत वाढविण्यात आली आणि मारलेल्या कुत्र्यामागे मिळणाऱ्या बक्षिसाच्या लोभाने शिपाई गल्लीबोळांत शिरू लागले. 6 जून रोजी पारशी समाजाने त्यांना अडविले. पाहता पाहता बाजार बंद झाला. त्या विरोधात हिंदू आणि जैन व्यापारीही सामील होते. सरकारने लष्कर बोलावून दंगल मोडली. पण कुत्री मारायची नाहीत, तर त्यांना ठेवायचे कोठे आणि खाऊ कोणी घालायचे, हा प्रश्न उरलाच. केवळ विरोध करून तो सुटणारा नव्हता. दोन वर्षांनी, 1834 मध्ये, त्याचे उत्तर भुलेश्वरात उभे राहिले. जमशेटजी जिजीभॉय आणि मोतीशा या नावाने प्रसिद्ध असलेले शेठ मोतीचंद अमीचंद, असे एक पारशी आणि एक जैन व्यापारी या कार्यात अग्रभागी होते. भायखळ्याचे आदिनाथ मंदिर आणि शत्रुंजयावरील मोतीशा टूक यांमुळे मोतीशांचे नाव जैन घरांत परिचित आहे. पांजरपोळ हे त्यांच्या धर्मकार्याचे तितकेच मोठे अंग होय.

या दोघांना व्यापार उत्तम कळत होता. म्हणूनच त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पांजरपोळ केवळ देणगीवर सोडली नाही. गुजरातेतील महाजनांची जुनी रीत त्यांनी मुंबईत चालविली. ती रीत म्हणजे लागा. मालाच्या आणि हुंडीच्या व्यवहारावर व्यापाऱ्यांनी स्वखुशीने ठरविलेला एक सूक्ष्म आकार धर्मादाय खात्यात जमा होई. एका सौद्यामागची रक्कम इतकी लहान असे की देणाऱ्याला ती जाणवत नसे. पण सौदे रोज होत, म्हणून जमाही रोज होई. जनावराची भूकही रोजचीच असते. खर्चाचा स्वभाव ओळखून त्याच स्वभावाची जमा बांधणे, हे लाग्याचे खरे शहाणपण होते.

पुढे कापसाचा बाजार कुलाब्याहून शिवडीकडे कॉटन ग्रीनला गेला. धान्याचा आणि मसाल्याचा घाऊक व्यापार कालांतराने वाशीला गेला. पेढ्यांची आणि हिशेबाची रीत बदलली, तशी लाग्याची सवयही शिथिल होत गेली. त्याची जागा सणावारी मिळणाऱ्या देणगीने घेतली. मकर संक्रांतीला आणि पर्युषणात देशभरच्या पांजरपोळींच्या दारी रांगा लागतात. गाईपुढे गवताच्या पेंढ्या, पिठाचे लाडू, गूळ, खिचडी यांचे ढीग पडतात. ज्येष्ठात, जेव्हा माळ करपलेला असतो आणि चाऱ्याचा भाव चढलेला असतो, तेव्हा तेच दार ओस असते. शिवाय पीठ, धान्य किंवा गूळ एकाच दिवशी अति झाले तर रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात आम्ल वाढते आणि ते दगावूही शकते. पुण्य कमावण्याच्या घाईत घातलेला दहावा लाडू गाईला पहिल्या लाडवासारखा नसतो.

तुटपुंज्या पैशात प्राण्यांची सेवा कशी होते, याचे एक हृद्य चित्र खंभातच्या इतिहासात सापडते. पिएत्रो देल्ला वाल्ले हा इटालियन प्रवासी 1623 साली त्या बंदरात आला होता. तेथील पक्ष्यांचे रुग्णालय त्याने मुद्दाम पाहिले. ती एक लहानशी जागा होती. पक्ष्यांना मोठी जागा लागत नाही, असेही त्याने नोंदविले आहे. लंगडे, आजारी, जोडीदार गमावलेले असे नाना जातींचे पक्षी तेथे होते. त्यांतच आईबापावाचून सापडलेली उंदरांची अगदी चिमुकली पिल्ले होती. पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध गृहस्थ नाकावर चष्मा लावून, पिल्लांना पेटीत कापसावर ठेवून, पक्ष्याच्या पिसाने दूध पाजीत होता. एक पेटी, थोडा कापूस, एक पीस आणि वाटीभर दूध. या सेवेत पैसा जवळजवळ काहीच नव्हता; होता तो वेळ, चिकाटी आणि लक्ष.

त्याच प्रवाशाने टिपलेली दुसरी गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे. बरे झालेले रानपक्षी सोडून देत आणि माणसाळलेले पक्षी एखाद्या धर्मशील गृहस्थाच्या घरी सांभाळण्यास देत. म्हणजे आत येण्याचे दार होते, तसेच बाहेर जाण्याचेही होते. गाई-वासरांच्या आश्रमात त्याला पाय मोडलेली, म्हातारी आणि हाडे निघालेली जनावरे दिसली. त्यांच्यातच चोरीच्या शिक्षेत दोन्ही हात गमावलेला एक मनुष्यही होता. त्याची उपासमार होऊ नये म्हणून त्यालाही तेथे आश्रय दिलेला होता. धर्म किंवा पूर्वकर्म न विचारता भुकेल्याला घास द्यावा, ही त्या जागेची रीत होती.

दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारात आजही पक्ष्यांचे धर्मार्थ रुग्णालय चालते, आणि खंभातचीच ही दृष्टी तेथे दिसते. उपचार विनामूल्य असतात आणि बरा झालेला पक्षी आकाशात सोडला जातो. शिकारी पक्ष्यांना मांस लागते. ते देणे संस्थेच्या धर्मात बसत नाही. म्हणून त्यांच्यावर उपचार होतात, पण त्यांना दाखल करून ठेवले जात नाही. जेवढे नीट सांभाळता येईल तेवढेच हाती घ्यायचे, हे बंधन त्यात आहे. वरवर ते कठोर वाटते. परंतु त्याचा आधार थेट शास्त्रात आहे.

तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. जिवाला बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे आणि अति भार लादणे हे चार. पाचवा अन्नपाननिरोध, म्हणजे अन्न व पाणी रोखणे. शस्त्र न उचलता घडणारा हा दोष आहे. दावणीला बांधलेली गाय स्वतः चारा शोधू शकत नाही. तिला कसाईदारातून सोडविले, गोठ्यात आणले आणि वैशाखात अर्धपोटी ठेवले, तर एक दोष टाळताना दुसरा पदरी पडतो. म्हणून किती जनावरे वाचविली हा आकडा अपुरा आहे. वाचविलेल्यांपैकी किती आज पोटभर जेवली, हा आकडा त्याच्या शेजारी लिहिल्याखेरीज हिशेब पुरा होत नाही.

हा हिशेब व्यापारी घराला कठीण नाही. सुमारे 300 किलो वजनाच्या, दूध न देणाऱ्या गाईला दिवसाला साधारण 5 किलो कडबा आणि 10 किलो हिरवा चारा लागतो. 100 गाई असल्या तर दिवसाला अर्धा टन कडबा आणि एक टन हिरवा चारा झाला. वर्षाला 180 टनांहून अधिक कडबा आणि 365 टन हिरवा चारा. दूध आटल्यावरही गाय अनेक वर्षे जगते. तिला सोडविण्याची रक्कम एकदाच द्यावी लागते, पावती मिळते, अनुमोदना होते. सांभाळण्याची रक्कम मात्र रोज उगवते. एखादे जनावर पांजरपोळीच्या दारी आणून हजार रुपये हाती ठेवणारा सज्जन दाता नकळत संस्थेवर पुढच्या कित्येक वर्षांचे ऋण चढवून जातो.

कायमी तिथीचेही असेच आहे. समजा, एखाद्या कुटुंबाने वडिलांच्या स्मरणार्थ 5,000 रुपयांची कायमी तिथी लिहिली आणि त्यावर 7 टक्क्यांनी वर्षाला 350 रुपये व्याज येते. मुद्दल तेच, व्याज तेच. पण चाऱ्याचा भाव दुप्पट झाला की त्या तिथीला निम्मीच जनावरे जेवतात. संगमरवरी पाटीवरचे नाव मात्र पूर्वीइतकेच ठळक राहते. दुकानाचे भाडे, मालाची किंमत, नोकरांचे पगार यांचा दरवर्षी फेरविचार करणाऱ्या घराने वडिलांच्या तिथीचाही दहा वर्षांतून एकदा फेरविचार करावा, यात अवमान नाही. उलट त्यातच स्मरण आहे.

ज्या संस्था कमी पैशात नीट चालतात, त्यांच्या यशाची कारणे साधी असतात. रब्बीची ज्वारी निघाली की कडबा स्वस्त असतो; तेव्हा वर्षाची बेगमी करून पावसाळ्यापूर्वी गंजी झाकली जाते. अख्ख्या पेंढ्या पुढे टाकल्या की जनावर पाला खाते आणि जाड धांडे तुडवते. कुट्टी करून गव्हाणीत घातली की तोच कडबा अधिक दिवस पुरतो. शहरात चारा वाहून आणण्यापेक्षा जनावरांना मोकळ्या कुरणाजवळ नेणे परवडते. त्यामुळेच पांजरपोळींनी शहराबाहेर जमिनी धरल्या. पूर्व मुक्त मार्गाने जाणाऱ्या मोटारचालकांना चेंबूरचे ‘पांजरपोळ’ हे ठिकाण आज केवळ रस्त्याचे वळण म्हणून ठाऊक असते; त्या नावात हा जुना व्यवहार दडलेला आहे. शेणाचे खत होते, लशी वेळेवर टोचल्या की औषधाचा खर्च वाचतो. यांतील एकही गोष्ट चमत्काराची नाही. प्रत्येक गोष्ट चोख दुकानदारीची आहे.

घरगुती जीवदयेलाही हेच नियम लागू पडतात. दुकानाच्या पायरीशी बसणारे लंगडे कुत्रे किंवा गॅलरीत येणारी मांजर यांच्यासाठी मोठी रक्कम लागत नाही. उन्हाळ्यात सावलीत ठेवलेले आणि रोज घासून भरलेले पाण्याचे मातीचे भांडे, ठरल्या वेळी ठरल्या जागी मिळणारा साधा घास, आणि वर्षातून एकदा रेबीजची लस, एवढ्यात एक जीव सुखाने राहतो. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर उपाय जवळजवळ नसतोच. म्हणून कुत्र्याच्या लशीवरचा खर्च गल्लीतील मुलांच्याही रक्षणाचा आहे. याउलट पर्युषणात बाजारातून पिंजऱ्यातले पोपट विकत घेऊन उडविणे दिसायला सुंदर, पण परिणामाने उलटे असते. मागणी वाढली की पुरवठा वाढतो, हे व्यापाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. सुटलेल्या दहा पोपटांच्या पैशातून पारधी नवे जाळे विकत घेतो. देशी पोपट पकडणे, विकणे आणि पाळणे कायद्यानेही निषिद्ध आहे. तीच रक्कम जखमी पक्ष्यांच्या औषधाला दिली तर कोणताही नवा पक्षी त्यापायी जाळ्यात सापडत नाही.

मुंबईच्या पांजरपोळीचा पाया घातला गेला तेव्हा शहरात धनिकांची वाण नव्हती. तरीही संस्थापकांनी एका मोठ्या देणगीवर विसंबून न राहता शेकडो पेढ्यांच्या रोजच्या वहीत जीवदयेची एक ओळ लिहून ठेवली. आजच्या दुकानात वहीची जागा संगणकाने घेतली आहे, पण एका ओळीला लागणारी जागा तेथेही आहे. रोजच्या गल्ल्यातून वेगळे काढलेले दहा रुपये वर्षाचे 3,650 होतात. दिवाळीला वहीपूजन करताना ‘शुभ’ आणि ‘लाभ’ लिहिणाऱ्या हाताने धर्मादाय खाते उघडले आणि त्यातील रक्कम फाल्गुन-चैत्रात, कडबा स्वस्त असताना, जवळच्या पांजरपोळीला पोहोचविली, तर ज्येष्ठातल्या गव्हाणी रिकाम्या राहणार नाहीत.