सोंग कुठलं घेऊ?

गेल्या जुलैत धाकट्या बहिणीचा भिवंडीहून फोन आला. "बाजी, ह्याला तुझ्याकडे पाठवते. दिवसभर झोपतो आणि रात्रभर गेम खेळतो. तू टीचर आहेस, तूच काहीतरी कर." (आम्ही घरात उर्दूत बोलतो, इथे मराठीत लिहिते आहे.)

ह्याला म्हणजे माझ्या भाच्याला. वय 19, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला दोन विषय राहिलेले. दोन दिवसांनी तो एसटीतून जव्हारच्या स्टँडवर भिजत उतरला. छत्री नव्हती, पण लॅपटॉप मात्र तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेला.

पहिले दोन दिवस मी काही बोलले नाही. तिसऱ्या रात्री ईशाची नमाज झाली, बाहेर पाऊस धो धो, आणि आतल्या खोलीत निळा उजेड. मी दारात उभी राहून विचारलं, "हे आहे तरी काय?" तो मान न वळवता म्हणाला, "खाला, तुम्हाला नाही कळणार."

उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवण्यात माझी वीस वर्षं गेली. "मॅडम, आम्हाला नाही कळणार" हे वाक्य मी रोज ऐकते आणि त्यावर माझं उत्तर ठरलेलं आहे. या वेळी बाजू उलटी होती. मी खुर्ची ओढली आणि म्हटलं, "मग शिकव."

ज्यांच्या घरी असाच निळा उजेड रात्री जागा असतो, त्यांच्यासाठी मला जेवढं कळलं तेवढं लिहिते.

गेमचं नाव फायनल फँटसी चौदा. जपानी कंपनीचा आहे. 2010 साली आला तेव्हा सपशेल पडला. तो बंद करून, नव्याने रचून 2013 मध्ये पुन्हा आणला. जगभरातले हजारो लोक एकाच वेळी त्या कल्पित मुलखात फिरत असतात. आपल्यासमोरून पळत जाणारा तलवारवाला कुणीतरी खरा माणूस असतो, ओसाकातला किंवा सिडनीतला. माझा पहिला प्रश्न पैशांचा होता. आपल्याकडे म्हणतातच, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. तर याची मोफत आवृत्ती आहे. सत्तराव्या लेव्हलपर्यंत खेळा, दिवसांची मर्यादा नाही. भाचा त्यावरच खेळत होता. बहिणीला वाटत होतं तसे तिचे पैसे जात नव्हते. वेळ जात होता, तो प्रश्न वेगळा आणि खरा.

मग त्याने मला पात्र तयार करायला लावलं. मी लालाफेल नावाच्या बुटक्या लोकांतली एक बाई निवडली, कारण ती माझ्या चौथीतल्या मुलींसारखी दिसत होती. पुढचा प्रश्न आला: क्लास कुठला?

इथे मी अडकले ती गेममुळे नाही, शब्दामुळे. क्लासला मराठीत काय म्हणायचं? 'वर्ग' म्हटलं की फळा दिसतो. 'जात' म्हणायला जीभ धजत नाही. उर्दूतला 'पेशा' बराच जवळ जातो. पण जव्हार-मोखाड्यात वाढलेल्या माणसाकडे याहून नेमका शब्द आहे: सोंग. शहरी मराठीत सोंग म्हणजे ढोंग. आमच्याकडे बोहाड्यात सोंग घेणं हा मान आहे. लहानपणी अब्बांच्या खांद्यावर बसून मी बोहाडा पाहिला आहे. संबळ वाजतो, टेंभ्यांच्या उजेडात आधी गणपती येतो, सरस्वती येते, मग देव, राक्षस, वीर एकेक करून मुखवटे लावून नाचत येतात, आणि देवी महिषासुराला मारते. रोज शेतात भेटणारा माणूस त्या रात्री नरसिंह असतो आणि लोक त्याला हात जोडतात. कितीतरी गावांत एकेक सोंग एकेका घराण्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं असतं. म्हणून या लेखात क्लासला मी सोंगच म्हणणार.

सोंगं पुष्कळ आहेत, पण नव्या माणसाने तीन कामं समजून घेतली की पुरे. पहिलं काम अंगावर घेण्याचं. ढाल किंवा कुऱ्हाड घेऊन पुढे जायचं, राक्षसाचा सगळा राग स्वतःवर ओढायचा आणि बाकीच्यांना वाचवायचं. याला ते टँक म्हणतात. दुसरं काम बरं करण्याचं. हा हीलर मागे उभा राहून मंत्राने सगळ्यांच्या जखमा भरतो, कुणी मेलाच तर उठवतो. तिसरं काम मारण्याचं: भालाईत, तिरंदाज, मुष्टियोद्धा, आगीची जादू करणारा. सुरुवातीच्या गुहांमध्ये चौघांची टोळी लागते, एक टँक, एक हीलर आणि दोन मारणारे. यातला एकही आपलं काम विसरला तर चौघेही मरतात. माझ्या मते सगळा गेम या एका वाक्यात आहे. बाकी कपडे, घोडे, दिवे आणि न संपणारे संवाद. (संवाद खरंच फार आहेत. पहिल्या तीस लेव्हलमध्ये मी लढले कमी, निरोप पोचवले जास्त.)

ही वाटणी कुठून आली, हेही भाच्याला ठाऊक होतं, याचं मला नवल वाटलं. 1974 मध्ये अमेरिकेत कागद आणि फाशांवर खेळायचा डन्जन्स अँड ड्रॅगन्स निघाला, त्यात लढणारा, जादूगार आणि धर्मगुरू अशी तीनच सोंगं होती; चोर पुढच्या वर्षी आला. मी म्हटलं, बेटा, थांब, हे तर आमच्या दास्तानीत आहे. अमीर हम्जाच्या गोष्टीत पहिलवान आहेत, साहिर म्हणजे जादूगार आहेत आणि अय्यार आहेत. अम्र अय्यार वेषांतर करतो, गलीम पांघरून गायब होतो, आणि त्याच्या जंबील नावाच्या झोळीत आख्खी दुनिया मावते. लखनौच्या नवल किशोर छापखान्याने 1883 पासून 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे जाडजूड खंड काढले, तेव्हा अमेरिकेतल्या त्या खेळाला नव्वद वर्षं अवकाश होता. भाच्याने आपली सामान ठेवायची झोळी उघडून दाखवली. शंभरेक वस्तू आत. "खाला, ही घ्या जंबील." त्या रात्री पहिल्यांदा तो हसला.

बहिणीने नंतर फोनवर विचारलं, की यात जादू आहे, भलतेसलते देव आहेत, हे चालतं का? मी म्हटलं, आपल्या नानी दास्तान ऐकत मोठ्या झाल्या आणि त्यांची एक नमाज चुकली नाही. नमाज चुकत असेल तर त्याबद्दल भांडू या. चुकत होती, फज्रची. त्यावर मी त्याच्याशी भांडलेही.

मी निवडलं टँकचं सोंग, ग्लॅडिएटर. वीस वर्षं पुढे उभं राहून ओरडण्याची सवय आहे, म्हटलं जमेल. पंधराव्या लेव्हलला पहिली गुहा उघडते, सस्ताशा. समुद्रकाठची चाच्यांची गुहा. तीन अनोळखी माणसं मला जोडली गेली, भाचा पाठीशी उभा. मी ढाल घेऊन आत घुसले आणि राक्षस माझ्याकडे ढुंकूनही न बघता मागच्या हीलरवर तुटून पडले. तो मेला. मग राहिलेले दोघे मेले. शेवटी मी. झालं असं होतं, की टँकला एक कळ चालू ठेवावी लागते, आयर्न विल नावाची. ती चालू असली तरच राक्षसाचा राग त्याच्यावर येतो. मी ती दाबलीच नव्हती. आणि गंमत म्हणजे भाच्याने मला आठवण केली नव्हती. मी चिडून विचारलं तर म्हणाला, "सांगितलं असतं तर उद्या पुन्हा विसरला असता. आता नाही विसरणार." बीएडला हेच शिकवलं होतं, पण असं कुणी करून दाखवलं नव्हतं.

खरी गोष्ट पुढे आहे. मला वाटलं आता तिघे शिव्या देतील किंवा निघून जातील. माझ्या नावाशेजारी एक छोटं हिरवं-पिवळं पान होतं, ते सगळ्यांना दिसतं. जपानमध्ये नवा ड्रायव्हर गाडीला असंच पानाचं चिन्ह लावतो, त्यावरूनच हे घेतलं आहे. म्हणजे हा माणूस नवा आहे, सांभाळून घ्या. हीलरने एक ओळ पाठवली. या गेममध्ये तयार वाक्यांचा एक कोश आहे. त्याने ते जपानीत निवडलं तरी मला इंग्रजीत दिसतं, जर्मनाला जर्मनमध्ये. माफी, आभार, थांबा, चला, सगळं त्यात आहे. भाषा शिकवणाऱ्या बाईला याहून मोठी जादू कुठली दाखवणार? भाषा मात्र चारच: जपानी, इंग्रजी, जर्मन, फ्रेंच. आपली नाही. वाक्याचा अर्थ होता, हरकत नाही.

पुढे गुहेत एक चिठ्ठी सापडते. त्यात प्रवाळाचा एक रंग लिहिलेला असतो आणि पुढच्या दालनात तीन रंगांच्या प्रवाळांपैकी त्याच रंगाला हात लावायचा. जुने खेळाडू हे डोळे मिटून करतात. त्या दिवशी तिघेही थांबले. मी चिठ्ठी सावकाश वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली, जाऊन हात लावला. दार उघडलं आणि तिघांनी नाचून दाखवलं.

नंतर मी नियम खोदून विचारले. गुहेत एखादा पहिल्यांदाच आलेला असेल, तर ती पूर्ण झाल्यावर सगळ्या टोळीला जास्त बक्षीस मिळतं. जुना, बलाढ्य खेळाडू सुरुवातीच्या गुहेत शिरला, की त्याची ताकद आपोआप खाली आणली जाते. आणि शेवटी प्रत्येकाला एक शाबासकी द्यायची असते, ती स्वतःला देता येत नाही. मला त्या दिवशी तीन मिळाल्या, सगळ्यांना मारूनसुद्धा. माझ्या वर्गात वारली नाहीतर कोकणा बोलणारं एखादं पोर शेजारच्या वाडीतून नव्याने येतं, किंवा घरी फक्त उर्दू ऐकलेलं, तेव्हा बाकीची मुलं त्याच्या पहिल्या मराठी वाक्याला हसतात. मी हसणाऱ्यांना रागावते. त्या नव्या पोरामुळे बेंचवरच्या चौघांना काही मिळावं, असं वीस वर्षांत मला सुचलं नव्हतं. या सत्रात करून पाहते आहे. नव्या मुलाने वाचलेल्या प्रत्येक ओळीला आख्ख्या बेंचला एक गुण. भांडणं वाढली आहेत, पण भांडण आता त्याला आपल्या बेंचवर घेण्यावरून होतं.

भाचा स्वतः हीलर. तसा तो विणकरही. लढण्याच्या सोंगांखेरीज यात सुतार, लोहार, सोनार, चांभार, विणकर, आचारी अशी बलुतेदारी आहे, आणि एकच माणूस सगळी शिकू शकतो. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या 2004 सालच्या प्रसिद्ध गेममध्ये एका पात्राला एकच सोंग, जन्मभराचं. इथे हातातलं हत्यार बदललं की सोंग बदलतं. अट एकच: बहुतेक नव्या सोंगांत लेव्हल पुन्हा एकपासून. कालचा महावीर आज करवत घेऊन फळी कापायला शिकतो. भाच्याचे अब्बा भिवंडीत पॉवरलूमवर आहेत. ते म्हणाले होते, "इथे लूमला हात लावत नाहीस आणि तिथे कापड विणतोस?" बोलण्यात तथ्य होतं. भाच्याने ते मला खाली मान घालून सांगितलं.

ऑगस्टमधल्या एका रात्री मी बाजूला बसून नुसती बघत होते. तो हीलर होता, टोळीत पान लावलेला एक नवा टँक. कळ दाबलेली नव्हती, माझ्यासारखीच. भाचा काही न बोलता त्याला जिवंत ठेवत राहिला, राक्षस स्वतःच्या अंगावर घेत. आणि मग आमच्याकडे नेहमी होतं ते झालं. वीज गेली, थोड्या वेळाने टॉवरही गेला. खोलीत अंधार. तो रडवेला झाला. "खाला, ते मरतील. मी नाही तिथे." दोन विषयांत नापास झाल्याचं सांगताना त्याचा आवाज असा झाला नव्हता. त्या अंधारात तो बोलला. कॉलेजात इंग्रजीतून शिकवलेलं त्याला कळत नव्हतं, पहिल्या महिन्यात एकदा विचारलं तेव्हा अख्खा वर्ग हसला होता, त्यानंतर त्याने कधीच काही विचारलं नाही. मी ऐकत राहिले. माझ्याकडे तयार वाक्य नव्हतं.

पंचवीस मिनिटांनी नेटवर्क आलं. तो परत आत शिरला, तर तिघे त्या गुहेत जमिनीवर बसून होते. वाट बघत.

सप्टेंबरपासून आम्ही एक करार केला. मगरिबनंतर दोन तास राहिलेले विषय. एक गणिताचा, तो शेजारच्या गल्लीतले निवृत्त सर शिकवतात. दुसरा इंग्रजीवर अडलेला, त्यासाठी मी. ईशानंतर दीड तास गेम, फज्रला उठायचं. आठवड्यातून तीनदा मोडतो. परीक्षा डिसेंबरमध्ये झाली, निकाल अजून लागायचा आहे.

बहीण परवा आली होती. तिने विचारलं, "सुटला का नाद?" मी म्हटलं, कमी झाला. तो भिवंडीला निघाला तेव्हा लॅपटॉप माझ्याकडे ठेवून गेला. कशासाठी, ते बहिणीने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मी सध्या हीलरचं सोंग घेतलं आहे, लेव्हल एकपासून. काल एक पानवाला टँक मेला, चूक माझीच होती.