आमच्या घरांतील फटफटी

मोटारसायकल हा शब्द मराठींत चांगला रुळला असला तरी जुन्या घरांतील वडील माणसें अजूनहि तिला फटफटीच म्हणतात, आणि आम्हांस तें नांव अधिक खरें वाटतें. त्यांत वस्तूचें वर्णन आहे, थोडा धाक आहे आणि थोडी थट्टाहि आहे. वयाच्या बावन्नाव्या वर्षीं आम्हीं एक जुनी परंतु दांडग्या ताकदीची फटफटी विकत घेतली, आणि तेव्हांपासून हा धाक व ही थट्टा दोन्ही आमच्या वांट्यास भरपूर आलीं. तिच्या सहवासांतील पहिल्या सहा महिन्यांचा अनुभव वाचकांपुढें मांडावा असें मनांत आलें, तें एवढ्यासाठीं कीं ज्यांच्या घरीं माणसांचा राबता आहे अशा पुष्कळांस त्यांत आपल्याहि घरचा एक प्रश्न दिसेल.

नाशकांत गंगापूर रस्त्यावर आमचें एकत्र कुटुंब राहतें. मातोश्री, वडील बंधु, वहिनी, आमचें मंडळ आणि दोन्हीकडचीं मुलें धरून घरांत अकरा पानें मांडलीं जातात. घराची रीति अशी कीं मिळवत्यानें ठरलेला वांटा घरखर्चांत घालावा आणि उरलेल्या पैशाचा हिशेब त्यास कोणीं विचारूं नये. त्यामुळें गाडीच्या किंमतीबद्दल कोणीं अवाक्षर काढलें नाहीं. प्रश्न निघाला तो निराळाच. रात्रीं जेवणें आटोपल्यावर दादा सुपारी कातरतां कातरतां म्हणाले, "पैसे तुझे, हें कबूल. हौस तुझी, हेंहि कबूल. पण उद्यां पाय मोडला तर तो एकट्या तुझाच मोडेल काय?"

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें. एकत्र कुटुंबांत सुख एकट्याचें असूं शकतें. दुखणें मात्र सर्वांचें असतें. आमची आईच त्या रात्रीं म्हणाली, "अरे, त्याला घेऊं दे. नाहीं घेतली तर जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांकडे बघत बसेल." तिच्या या एका वाक्यावर गाडी घरांत आली, दादांचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

गाडी हार्ले-डेव्हिडसन या अमेरिकन कंपनीची, 'स्ट्रीट ७५०' या नांवाची, २०१७ सालची आहे. लांब पल्ल्याच्या निवांत प्रवासासाठीं बनविलेल्या, बैठक खालीं आणि बांधा लांबट अशा गाड्यांस क्रूझर म्हणतात, त्या जातीची ती आहे. कंपनी १९०३ सालीं मिलवॉकी शहरांत निघाली. परंतु आमची गाडी अमेरिकेंत जन्मलेली नव्हे, ती हरियाणांतील बावल येथल्या कारखान्यांत तयार झाली. २०१४ सालीं बाजारांत आलेला हा नमुना, २०२० सालीं कंपनीनें येथील कारखाना बंद करण्याचें ठरविल्यावर संपला, आणि त्याच वर्षीं विक्री व देखभालीचें काम हीरो मोटोकॉर्पकडे सोंपविण्याचा करार झाला. तेव्हां ही गाडी ज्यास हवी असेल त्यानें ती दुसऱ्याच्या हातूनच घ्यावी, दुसरा मार्ग नाहीं.

आमच्या गाडीचे पहिले धनी नाशकांतीलच एक तरुण गृहस्थ होते. परदेशीं नोकरीस जाण्याचें ठरल्यामुळें त्यांनीं ती काढली. गाडी 'एमएच १५' म्हणजे आमच्याच जिल्ह्याच्या नोंदणीची असल्यानें परगांवचे दाखले मिळविण्याची यातायात नव्हती. २९ व ३० क्रमांकांच्या नमुन्यांवर सह्या होऊन नोंदणीपत्रावर आमचें नांव चढलें. खाजगी वाहनाची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते, म्हणजे २०३२ पर्यंत या पाहुणीच्या मुक्कामास कोणाची हरकत नाहीं. किल्ली देतांना ते गृहस्थ म्हणाले, "काका, उतारावर तोंड खालीं करून कधीं उभी करूं नका. मागें ओढतां येणार नाहीं." नवी वस्तु घेतली तर छापील पुस्तिका मिळते, जुनी घेतली तर वापरणाऱ्याचें शहाणपणहि मिळतें, आणि तें पुस्तिकेंत नसतें.

त्या सल्ल्याची किंमत आम्हांस पहिल्याच दिवशीं कळली. गाडीचें वजन सव्वादोनशें किलोंच्या घरांत आहे, म्हणजे रोजच्या शंभर सीसीच्या गाडीच्या दुप्पट. तिला मागें जाण्याचा गिअर नसतो. मागें न्यावयाची ती आपल्याच पायांच्या बळावर. म्हणून पहिले तीन दिवस आम्ही फाटकाबाहेर पडलोंच नाहीं. आंगणांत ती उभी करणें, वळविणें, स्टँडवरून उचलणें एवढाच अभ्यास चालला होता, आणि ओट्यावर बसलेला प्रेक्षकवर्ग टाळ्या देत होता. क्रूझरची खरी परीक्षा वेगांत नसून पायीं चालण्याच्या गतींत असते, हें आम्हांस तेथें समजलें. वेग आला कीं वजन जणूं नाहींसें होतें. गाडी थांबत आली कीं तें सगळेंच्या सगळें परत येतें.

इंजिनाबद्दल थोडें सांगितलें पाहिजे. त्यांत इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे मांडलेले दोन सिलिंडर आहेत आणि त्यांचें आकारमान मिळून ७४९ सीसी आहे. मागच्या चाकास गति साखळीनें न जातां दणकट पट्ट्यानें जाते, त्यामुळें वंगणाची किचकट नाहीं व खडखडहि नाहीं. चाक फिरविण्याचा जो पीळ, ज्यास टॉर्क म्हणतात, तो साठ न्यूटन-मीटरांच्या आसपास भरतो. शंभर सीसीच्या गाडींत तो आठाच्या आसपास असतो. या सामर्थ्याचें मोलहि द्यावें लागतें. पेट्रोलांतील उष्णतेचा फार तर तिसरा हिस्सा गतीच्या कामीं येतो आणि बाकीची उष्णता बाहेर पडते, हा कोणत्याहि पेट्रोल इंजिनचा धर्म आहे; इंजिन मोठें तितकी ती अधिक. वैशाखांत द्वारका चौकांत सिग्नलला तीन मिनिटें उभें राहिलें कीं हा पदार्थविज्ञानाचा धडा मांडीस पाठ होतो.

पुढच्या रविवारीं पहांटे आम्ही त्र्यंबकच्या रस्त्यानें निघालों. सातपूरचे कारखाने मागें पडले, महिरावणी गेली, आणि अंजनेरीचा डोंगर समोर उभा राहिला. सत्तरच्या गतीस इंजिन केवळ गुणगुणत होतें. पूर्वींच्या लहान गाडीवर याच गतीस तिचें सर्वांग थरथरत असे, आणि पुढचा ट्रक ओलांडावयाचा म्हणजे मैलभर आधीं हिशेब सुरू होई. आतां मनगट जरासें वळविलें कीं ट्रक मागें पडतो. परंतु आश्चर्य असें कीं, ओलांडतां येतें हें एकदां समजल्यावर ओलांडण्याची घाईच उरली नाहीं. उसाच्या ट्रॅक्टरमागें दोन मिनिटें राहण्यांत आम्हांस पूर्वीं कमीपणा वाटे. आतां वाटत नाहीं. ज्याच्या गांठीं चार पैसे आहेत तो बाजारांत जसा सावकाश हिंडतो, तसेंच हें असावें.

आणखी एक गोष्ट या गाडीनें शिकविली. वेगांत डावीकडे वळावयाचें तर डावी मूठ किंचित् पुढें लोटावी लागते. मग गाडी डावीकडे कलते आणि वळते. हें प्रत्येक दुचाकीस लागू आहे, आणि तीस वर्षें आपण सर्वजण नकळत तें करीत असतों. वजनदार गाडीवर मात्र तें कळून करावें लागतें.

मोह होत नाहीं असें नाहीं. मोकळा रस्ता दिसला कीं मनगटास खाज सुटतेच. परंतु जेथें तो पुरा व्हावा असा समृद्धि महामार्ग, जो २०२५ च्या जूनमध्यें नागपूरपासून आमण्यापर्यंत पुरा झाला, त्यावर दुचाकीस मज्जाव आहे. आमच्या सौभाग्यवतींस सरकारचा एवढा एकच निर्णय मनापासून पसंत आहे.

येथें दादांच्या प्रश्नाकडे वळणें प्राप्त आहे. ते पेन्शनर बँकवाले. भावनेनें बोलत नाहींत, आंकडे काढतात. एके दिवशीं त्यांनीं रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालांतील एक ओळ आमच्यापुढें ठेवली. २०२२ सालीं देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें दगावलीं, आणि त्यांत शेंकडा ४४ हून अधिक दुचाकीवरचीं होतीं. आम्हीं ती ओळ दोनदां वाचली. त्यावर वाद घालण्यासारखें कांहीं नव्हतें. गाडी ठेवावयाची तर ती घराच्या अटींवर ठेवावयाची, हें आम्हीं त्याच बैठकींत मान्य केलें. शिरस्त्राणावांचून किल्ली लावावयाची नाहीं; १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें १२९ वें कलम पुढच्या व मागच्या दोघांसहि तें सक्तीचें करतें, तेव्हां अट सरकारचीच झाली. पावसांत व रात्रीं हमरस्ता नाहीं. दिवेलागणीच्या आंत परत. घरांतील लहान मूल मागें बसवावयाचें नाहीं. अपघाताचा विमा पुरेसा हवा, आणि त्याचे कागद कोणत्या कपाटांत आहेत हें घरांत निदान तिघांस ठाऊक हवें. शेवटची अट वहिनींची, आणि सर्वांत व्यवहारी तीच.

अटी ठरल्या तरी दादांचें मन गाडीवर बसलें नव्हतें. तें बसविलें हापूस आंब्यानें. दादांस जुनीं कात्रणें जपण्याचा नाद आहे. त्यांत त्यांस २००७ सालचा मजकूर सांपडला. कोयींतल्या भुंग्याच्या भीतीनें अमेरिकेनें आपल्या आंब्यास कित्येक वर्षें दार बंद ठेवलें होतें. तें त्या वर्षीं उघडलें, आणि त्याच वाटाघाटींत आपल्या सरकारनें आठशें सीसीहून मोठ्या परदेशी मोटारसायकलींस वाट मोकळी केली. ज्या किरणांनीं त्या भुंग्याचा बंदोबस्त झाला ते कोठें दिले गेले? आमच्याच जिल्ह्यांत, लासलगांवीं! भाभा अणुसंशोधन केंद्रानें २००२ सालीं तेथें 'कृषक' नांवाचें केंद्र मुख्यतः कांद्यासाठीं उभारलें होतें. अमेरिकेस जाणारा आंबा निदान ४०० ग्रे इतक्या मात्रेनें तेथून तावून निघाला. आंबा त्यानें किरणोत्सर्गी होत नाहीं, कीड मात्र पुढें वाढत नाहीं. वाट मोकळी झाल्यावर २००९ सालीं कंपनीनें येथें शाखा काढली आणि कालांतरानें बावलला कारखाना उघडला. आमची गाडी त्या सौद्याची नात लागते म्हणावयास हरकत नाहीं.

"म्हणजे आपले हापूस गेले आणि बदल्यांत ही आली!" दादा म्हणाले. मग थोडें थांबून, "मी बसलों आहें या गाडीवर." आम्ही पाहतच राहिलों. १९८६ सालीं बँकेच्या शिक्षणवर्गासाठीं ते दिल्लीस असतांना चांदणी चौकाकडे ज्या फटफट्या चालत, त्यांत दुसऱ्या महायुद्धांतून उरलेल्या हार्ले गाड्यांस मागें बैठका जोडलेल्या असत आणि माणसें दाटीवाटीनें बसत. १९९८ च्या सुमारास धुराच्या कारणानें त्या बंद झाल्या. "तेव्हां ती एकट्याची नव्हती," दादा म्हणाले, "सगळ्यांची होती."

"दादा, मग लासलगांवास येतां काय?" आम्हीं विचारलें. ते कांहीं बोलले नाहींत. परंतु रविवारीं सकाळीं चिरंजीवांचें शिरस्त्राण घालून ओट्यावर तयार होते. चांदोरी, निफाड, विंचूर असे आम्ही गेलों. द्राक्षांच्या बागा दुतर्फा होत्या, कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग होती, आणि दादांचे दोन्ही हात आमच्या खांद्यांवर घट्ट होते. चाळीस वर्षांत त्यांनीं असा हात ठेवल्याचें आम्हांस आठवत नाहीं. लासलगांवीं चहाच्या टपरीवर चारपांच शेतकरी गाडीभोंवतीं जमले आणि एकानें तो सनातन प्रश्न विचारला, "ॲव्हरेज किती देते?" आम्ही वीस-बावीस म्हणालों. त्यानें सहानुभूतीनें मान हलविली. दादांनीं मात्र त्यास आंब्याची सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली, आणि चहाचे पैसे त्यांनींच दिले.

दादांचा प्रश्न यानें सुटला असें आम्ही म्हणणार नाहीं. पाय मोडला तर तो अजूनहि अकरा जणांचाच मोडेल. गाडी आमच्या एकट्याच्या नांवावर आहे, तिचें सुखहि बहुतेक आमचें एकट्याचें आहे. परंतु तिची जोखीम घरानें उघड्या डोळ्यांनीं वांटून घेतली आहे, आणि ज्याची जोखीम दुसरे घेतात त्यानें मूठ जपूनच वळवावी. गाडीची किल्ली आम्ही स्वतःच्या कपाटांत ठेवीत नाहीं. माजघरांत ज्या खुंटीवर सर्व घराच्या किल्ल्या टांगतात, तेथेंच ती असते. ती जागा रिकामी दिसली कीं आम्ही बाहेर आहों हें सर्वांस कळतें, आणि दिवेलागणीच्या सुमारास मातोश्री एकदां तिकडे पाहून जातात.