कर्ण्याची जवारी

१९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात गौहरजान गायल्या तेव्हा त्यांच्यासमोर मायक्रोफोन नव्हता, कर्णा होता. आवाजाने कर्ण्याच्या टोकाचा पडदा हलला, पडद्याने सुई हलवली, सुईने मेणाच्या तबकडीवर रेघ कोरली. घरोघरी मग तीच वाट उलटी चालली: सुई, पडदा, कर्णा, कान. विजेचा कुठेही संबंध नाही आणि तरी गाणे दिवाणखाना भरून टाकत होते. पुढे १९२५ पासून विजेवरची ध्वनिमुद्रणे आली, ॲम्प्लिफायर आले, आणि घरातला कर्णा हळूहळू माळ्यावर गेला.

माझ्या घरात तो अजून आहे. एक नाही, सहा. एका पेटीत तीन, अशा दोन पेट्या.

कर्णा काय करतो हे एकदा कळले की त्याच्यावर जीव जडतो. साध्या स्पीकरचा पडदा जड आणि हवा हलकी, त्यामुळे पडदा कितीही हलला तरी त्याचा बहुतेक जोर वाया जातो. कर्णा या दोघांचे जमवून देतो. अरुंद गळ्याशी हवा दाबाखाली असते, तिथे पडद्याला जोर लावायला काहीतरी मिळते. मग कर्णा रुंदावत जातो आणि तो दाब खोलीतल्या मोकळ्या हवेच्या हवाली करतो. पडद्याला जेमतेम थरथरावे लागते. कमी हालचाल म्हणजे कमी विकृती, यावर पॉल विल्बर क्लिप्श यांची आयुष्यभर श्रद्धा होती. अर्कान्सा राज्यातल्या होप गावी, दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या दारूगोळा चाचणी केंद्रावर काम केलेला हा इंजिनिअर. १९४६ साली त्यांनी तिथेच आपली कंपनी काढली आणि क्लिप्शहॉर्न विकायला सुरुवात केली. चाळीस हर्ट्झच्या स्वराची लाट साडेआठ मीटर लांब असते. तिला पुरेल असा सरळ कर्णा घरात मावणार कसा? क्लिप्श यांनी तो घडी घालून पेटीत बसवला आणि शेवटचा रुंद भाग म्हणून चक्क खोलीच्या कोपऱ्याच्या दोन भिंती वापरल्या. इतकी देखणी युक्ती या सबंध क्षेत्रात मला दुसरी दिसत नाही.

माझी जोडी त्याच घराण्यातली, ला स्काला. हे मॉडेल १९६३ मधले. विन्थ्रॉप रॉकफेलर यांच्या अर्कान्सातल्या गव्हर्नरपदाच्या प्रचारसभांसाठी ते केले गेले. ला स्कालाला कोपरा लागत नाही, पण म्हणून खर्जही क्लिप्शहॉर्नइतका खोल उतरत नाही. माझ्या पेट्या ओहायोतल्या एका चर्चमधून निघालेल्या: काळा रंग, कोपरे खरवडलेले, एकेक पेटी पन्नास किलोंहून जड. वरच्या कप्प्याची पाठ उघडीच असते, त्यामुळे हातात पाना आणि सोल्डरिंग आयर्न असलेल्या माणसाला ती जणू आमंत्रणच देते.

मी मिरजेचा. तंबोऱ्याची जवारी लावताना पाहत वाढलो. कारागीर घोडीवर कानस एकदाच, हलक्या हाताने फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, तारेखालचा दोरा केसभर सरकवतो, पुन्हा ऐकतो. नवे काही घालायचे नसते; लाकडात आणि तारेत जे आहे ते मोकळे करायचे असते. कर्ण्याचे काम मी याच रीतीने करतो, आणि कसोटीलाही तंबोराच लावतो. त्याच्याइतका कडक परीक्षक मला भेटलेला नाही. व्हायोलिनमध्ये एखादा दोष झाकून जाईल, पण तंबोऱ्याच्या स्वरात जी स्वरांची रांग वर चढत जाते, तिच्यात एखादी पायरी जरी जास्त वाजली तरी कान अडखळतो.

माझा अडखळला तो मधल्या कर्ण्यापाशी. हा कर्णा धातूचा, ड्रायव्हरसकट सुमारे दोन फूट लांब. बोटाच्या पेराने टिचकी मारली तर चांगला ‘टण्ण’ वाजतो. खिडक्यांच्या फटी बुजवायला जी मऊ, लांबीसारखी दोरी मिळते ती मी त्याच्या बाहेरच्या अंगाला पट्ट्यापट्ट्यांनी दाबून बसवली. आता टिचकीला ‘टक्’ असे कोरडे उत्तर येते. कर्णा पेटीत घट्ट बसलेला असताना हा फरक ऐकू येतो की नाही, यावर जाणकारांत वाद आहेत. म्हणून मी एकाच पेटीला लांबी लावली, दुसरी तशीच ठेवली आणि अब्दुल करीम खाँसाहेबांची जुनी तबकडी आळीपाळीने लावली. ती मोनोच आहे, त्यामुळे दोन्ही पेट्यांना एकच मजकूर मिळतो. तेव्हा आई माझ्याकडे आलेली होती. कुठल्या पेटीला काय केले हे तिला ठाऊक नव्हते. “आई, जरा ऐकतेस का? कुठली बरी वाटते?” डोळे मिटून तिने दोन्ही ऐकल्या आणि लांबी लावलेल्या पेटीकडे हात केला. “या बाजूला तंबोरा मागं बसलाय, जागेवर. त्या बाजूला पुढं पुढं करतोय रे.” माझ्यासाठी वाद तिथे मिटला.

या पेटीत साधारण चारशे हर्ट्झला खालच्या लाकडी कर्ण्यातला वूफर थांबतो आणि मधला कर्णा सूत्रे घेतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा तार पंचम नेमका तिथेच, चारशे पंधराच्या आसपास पडतो. म्हणजे गवई तार षड्जावरून पंचमाला जातो त्या क्षणी त्याचा मूळ स्वर लाकडी कर्ण्यातून धातूच्या कर्ण्यात जात असतो. हा सांधा जुळला तर कळतच नाही. पण स्वर वाटून देणाऱ्या क्रॉसओव्हरमधला तेरा मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर वयाने थकला असेल, तर पंचमाला वर नेणारी लकेर मध्येच फिकी पडते. माझ्या पेट्यांत चाळीस वर्षांहून जुने, तेल भरलेले पत्र्याच्या डब्यांतले कॅपॅसिटर होते. त्याच मूल्याचे साधे, चांगले पॉलिप्रॉपिलीनचे बसवले. चांदीच्या पत्र्याचे, दहापट किमतीचे मिळतात. तो पैसा तबकड्यांवर खर्च करावा असे माझे स्पष्ट मत आहे. आणि एक सावधगिरी: अमेरिकेत १९७९ च्या आधी बनलेल्या अशा डब्यांतल्या तेलात पीसीबी हे विषारी रसायन असू शकते. डबे फोडू नका, घरच्या कचऱ्यात टाकू नका.

मधल्या कर्ण्याचा आवाज अंगावर येतो अशी या पेट्यांबद्दल जुनी तक्रार आहे. क्रॉसओव्हरमधल्या ऑटोट्रान्सफॉर्मरवरची एक वायर शेजारच्या खुंटीवर नेली की तो तीन डेसिबलने उतरतो, आणि पुष्कळ जण पहिल्याच संध्याकाळी ते करून मोकळे होतात. ते शेवटी करावे. खुंटी बदलली की कॅपॅसिटरला दिसणारा भारही बदलतो आणि सांधा हलतो. शिवाय अंगावर येणारा आवाज बहुतेकदा स्वराचा नसतोच. धातूच्या झणझणाटाचा आणि सैल स्क्रूंचा असतो.

खालच्या कप्प्याचे काम सुतारकीचे. प्लायवुडच्या बाजू तबल्याच्या डग्ग्याबरोबर स्वतःही बोलतात. गाणे चालू असताना तळहात टेकवला की कळते. मध्यभागी असलेल्या वूफरच्या खोक्यापासून बाजूच्या फळीपर्यंत एकेक लाकडी आडवा टेकू ठोकून बसवला, तळाच्या झाकणाला नवी फोमची पट्टी लावली, आणि घुमीचा बराचसा भाग गेला. कंपनीनेही पुढच्या ला स्कालाला जाड फळ्या वापरल्या, तेव्हा ही खोड त्यांनाही दिसत असणार.

ॲम्प्लिफायरबद्दल थोडेच सांगायचे आहे. एका वॅटला एका मीटरवर सुमारे १०४ डेसिबल देणाऱ्या पेटीला, ८७ डेसिबलच्या नेहमीच्या स्पीकरच्या मानाने पन्नासावा हिस्सा शक्ती पुरते. माझा २ए३ व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर साडेतीन वॅटचा आहे आणि तो कधी पुरा वापरला जात नाही. मात्र याच गुणामुळे ॲम्प्लिफायरची बारीकशी गुणगुणही खोलीभर ऐकू येते. म्हणून वॅट मोजू नका. गाणे बंद असताना कर्ण्याला कान लावा आणि तिथे काय ऐकू येते ते पाहा.

कर्ण्याच्या आकाराला मात्र मी हात लावत नाही. नवे लाकडी कर्णे मिळतात, नवे ड्रायव्हर मिळतात, त्यांतले काही खरोखर उत्तम आहेत. पण ते बसवले की ती दुसरी पेटी होते, आणि मला हीच हवी आहे.

तुमच्याकडे अशी एखादी जोडी आली, तर एका वेळी एकच बदल करा आणि तो आधी एकाच पेटीत करा. ट्वीटर आणि क्रॉसओव्हरच्या वायरी सोडवण्याआधी फोटो काढून ठेवा. काढलेले स्क्रू नि जुने सुटे भाग पाकिटात घालून, वर तारीख लिहून, जोडीबरोबरच जपा. या पेट्या माणसांपेक्षा जास्त टिकतात. पुढच्या मालकाला त्या मूळ रूपात परत नेता आल्या पाहिजेत.